सप्टेंबरच्या फाइलमधलं तुमचं पत्र

शैलजाकाकू,

लंडनचं हाऊस परवा पुन्हा उठलं, म्हणजे संसदेचं कामकाज बंद. ऑगस्टभर बंद होतं, सप्टेंबरात जेमतेम दोन आठवडे चाललं, आणि आता पक्षांची अधिवेशनं आहेत म्हणून परत सुटी. तुम्ही असता तर अंगातला कोट न काढताच म्हणाला असता, "झालं? दमले का बिचारे?" आणि मग आपलं भांडण सुरू झालं असतं. परवा ते वाक्य म्हणायला ऑफिसात कुणी नव्हतं. मी मात्र सवयीने उत्तर तयार ठेवून बसले होते.

आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्याबद्दल लिहायला मला सांगितलं आहे. "तू त्यांच्याबरोबर काम करायचीस, तुला लिहिता येतं," असं सगळे म्हणाले. मला खात्री नाही. वाचणाऱ्यांना बहुतेक तुम्ही मंडळाच्या नाटकात केलेल्या खाष्ट सासूबद्दल वाचायचं असेल, किंवा कुणाकुणाच्या व्हिसासाठी तुम्ही क्रॉयडनच्या कचेरीला किती फोन केलेत त्याबद्दल. ते दुसरं कुणी लिहील. मला एका पत्राबद्दल लिहायचं आहे. पत्र तुमचं होतं आणि मी ते चुकीच्या जागी ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्यासमोर पहिल्यांदा बसले तेव्हा युनिव्हर्सिटीत माझं पहिलं वर्ष होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. तिने आदल्या दिवशी विचारलं होतं, "खासदाराच्या ऑफिसात जाऊन नक्की करायचं काय असतं गं?" मी तिला काहीतरी मोठं मोठं सांगितलं. खरं तर मलाही माहीत नव्हतं. राज्यशास्त्र शिकतेय म्हणजे अशा ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस तरी बसावं, एवढंच ठाऊक होतं. तुम्ही माझा फॉर्म वाचलात, आडनाव पाहिलंत, आणि इंग्रजी तिथल्या तिथे टाकून विचारलंत, "जेवून आलीस का?"

मी म्हटलं, "हो, काकू."

"इथे काकू म्हणायचं नाही. शैलजा म्हण. सगळे म्हणतात."

मी एकदाच म्हणून पाहिलं. तुम्ही हात जोडलेत. "राहू दे बाई. काकूच म्हण. तुझा चेहरा बघवत नाही."

त्याच दिवशी तुम्ही मला टेबलावरचे दोन ट्रे दाखवलेत, 'आज' आणि 'या आठवड्यात'. आणि खालच्या कपाटातली निळी बॉक्स फाइल, तिच्यावर तुमच्याच अक्षरात 'सप्टेंबर'. ज्या पत्रात कुणाचं घर, औषध, पासपोर्ट अडकलेला असेल ते पहिल्या दोन ट्रेमध्ये. ज्यात कुणी फक्त मत मांडलं असेल, कायदा बदला, धोरण बदला, ते जुलै लागला की निळ्या फाइलमध्ये. सुटीआधीच्या धावपळीत त्यांना खासदारांपर्यंत न्यायचं नाही. पाठवणाऱ्याला दोन ओळींची पोच द्यायची: आपलं पत्र मिळालं, सभागृह पुन्हा भरल्यावर उत्तर देऊ. "या फाइलचा मला राग आहे," तुम्ही म्हणालात, "पण ती नसती तर आपण जुलैत वेडे झालो असतो."

आणि दुसरी गोष्ट शिकवलीत. पत्र शेवटापासून वाचायचं. "माणसं सुरुवातीला लाजतात, सायली. खरं असतं ते शेवटी लिहितात." मला ते जरा नाटकी वाटलं होतं. मग आठवडाभरात कचऱ्याच्या डब्यांबद्दल दोन पानं तक्रार करणाऱ्या त्या आजींचं पत्र आलं. शेवटच्या ओळीत होतं की डबे आजवर नवरा बाहेर काढायचा, आता तो त्यांना ओळखत नाही. तुम्ही ते पत्र 'आज'मध्ये ठेवलंत आणि फोन उचललात. त्यानंतर मी प्रत्येक पत्र उलटं वाचलं. एक सोडून.

लोकांना माहीत नसेल, म्हणून इथे लिहिते. या ऑफिसात येण्याआधी तुम्ही अकरा वर्षं थेट त्या इमारतीत, संसदेच्या कँटीनमध्ये, काउंटरवर काम केलंत. हाऊस चालू असेपर्यंत स्वयंपाकघर चालू. भिंतीवरच्या पडद्यावर कोण बोलतंय त्याचं नाव दिसायचं, आणि हाऊस उठलं की तसं लिहून यायचं. ते वाचून तुम्ही एप्रन सोडायचात. तो पडदा कधी सहाला विझायचा, कधी अकराला. सकाळी घरातून निघताना सांगता यायचं नाही. तुमची लेक मीरा तेव्हा पाच वर्षांची होती. शेजारच्या बाईंकडे तिला सोडताना ती तुम्हाला इंग्रजीत विचारायची, "मम्मी, आज वोट आहे?" मतदान असलं की तुम्हाला उशीर व्हायचा. बाकीची मुलं विचारतात आज पाऊस आहे का. हे सांगताना तुम्ही हसायचात, म्हणून मीही हसायचे. आता हसू येत नाही. माझीही आई शिफ्टवरून कधी येईल ते मला लहानपणी कळायचं नाही, पण निदान तिच्या शिफ्टला संपायची वेळ लिहिलेली असायची.

त्या काउंटरवर एक तरुण रोज यायचा. कुठल्या तरी खासदाराचा मदतनीस. भाजलेला बटाटा, वर चीज, दुसरं काही नाही. तुम्ही त्याचं नाव बटाटा ठेवलंत. एका रात्री साडेदहाला, मतदान लांबलेलं, त्याने तुम्हाला घड्याळाकडे बघताना पाहिलं. "घरी कोण आहे?" त्याने विचारलं. तुम्ही मीराबद्दल सांगितलंत. तो म्हणाला, "मी कधी इथे निवडून आलो ना, तर हे घड्याळ बदलीन. नऊला सुरू, पाचला बंद. आणि उन्हाळ्याची सुटी इतर माणसांना मिळते तेवढीच."

बटाटा निवडून आला. आपल्या गावातून. आणि लोकांची कामं बघायला पहिला माणूस म्हणून त्याने तुम्हाला बोलावलं. याचं मोल मी कमी करत नाही, तुम्हीही कधी केलं नाहीत. मंडळाच्या गणपतीत खासदारसाहेबांना मराठीत दोन शब्द बोलायचे होते. 'तुमचा सेवक'ला मराठीत काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगितलंत. मग शंभरेक माणसांसमोर ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "नमस्कार. मी तुमचा बटाटा." टाळ्या थांबत नव्हत्या. अजूनही त्यांना वाटतं की भाषण फार चांगलं झालं होतं.

त्यांच्या पहिल्या प्रचारपत्रकात तो शब्द होता, घड्याळाचा आणि सुटीचा. तुम्ही ते मराठीत करून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत आणि खाली स्वतःचं नाव लिहिलंत. मी एकदा म्हटलं, नाव कशाला घातलंत, वचन तर त्यांचं. तुम्ही म्हणालात, "इंग्रजीत त्यांचं. मराठीत माझं."

पुढच्या पत्रकात ती ओळ लहान झाली. त्याच्या पुढच्यात 'विचार करू' झाली. मग ती ओळच नव्हती. मंडळात कुणी ना कुणी दर ऑगस्टला विचारायचंच. कुलकर्णीकाका तर आरती संपायची वाट बघायचे. "काय शैलजाताई, तुमच्या बटाट्याची शाळा कधी उघडतेय?" तुम्ही प्रसादाची वाटी त्यांच्या हातात ठेवून म्हणायचात, "खा आणि गप्प बसा." पण घरी जाताना ट्रेनमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत राहायचात. एकदा मी पाहिलं.

आणि मी काय केलं? मी तुमच्याशी वाद घातला. नुकतंच वर्गात शिकले होते, हातात नवं हत्यार होतं. मी सांगायचे की रिसेस म्हणजे सुटी नव्हे, खासदार मतदारसंघात काम करतात. तुम्ही रिकाम्या केबिनकडे बोट करायचात. मी सांगायचे की नऊ ते पाच हे लंडनजवळ राहणाऱ्यांना सोयीचं. जे स्कॉटलंडहून येतात त्यांना तीन दिवस उशिरापर्यंत काम करून गुरुवारी घरी पळायचं असतं, त्यांनाही मुलं असतात. यावर तुम्ही हातातलं पत्र खाली ठेवलंत. मग म्हणालात, "हे बरोबर आहे तुझं. पण त्यांना विचारलं तरी जातं. भांडी घासणाऱ्यांना कुणी विचारलं?"

"काकू, पण नियम ठरवताना सगळ्यांचा विचार..."

"प्रोफेसरीणबाई, चहा टाका."

या वादात कोण बरोबर होतं ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित घड्याळ बदलणं खरंच सोपं नसेल. पण आता मला वाटतं की तुम्ही घड्याळाबद्दल बोलतच नव्हता. एका माणसाने एका बाईकडे बघून शब्द दिला होता, आणि तो विसरला होता. मी मात्र प्रत्येक वेळी घड्याळाबद्दल उत्तर देत होते.

मीही एक शब्द दिला होता. अकरा वर्षं त्या इमारतीत काढून तुम्ही एकदाही वरच्या गॅलरीत बसून सभागृह पाहिलं नव्हतं. तुम्ही ज्या पडद्याकडे बघायचात त्यावर फक्त नावं असायची. मी म्हटलं, मी तुम्हाला नेते. परीक्षा झाल्या की जाऊ. परीक्षा झाल्या तेव्हा माझा निबंध राहिला होता. निबंध दिला तेव्हा तुमच्या तपासण्या सुरू झाल्या होत्या, तुम्ही म्हणालात "साधंच आहे काहीतरी," आणि मी ते मानलं. मानायला सोपं होतं. मग मी म्हटलं, आता सप्टेंबरातच जाऊ, काकू, हाऊस भरल्यावर. तुम्ही म्हणालात, "हो, सप्टेंबरात." कुणाला तरी पोच देताना वापरायचात तोच आवाज होता तो. मी ओळखायला हवा होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही एक पाकीट माझ्या टेबलावर ठेवलंत. आपल्या खासदारांच्या नावाने, हाताने पत्ता लिहिलेला. "नोंदव हे," म्हणालात. "ऑफिसातली बाई म्हणून नाही. मतदार म्हणून. जसं इतरांचं नोंदवतेस तसं."

मी उघडलं. तुमचं इंग्रजी अक्षर, स्वच्छ, जरा उजवीकडे झुकलेलं. पहिल्या परिच्छेदात सभागृहाच्या वेळा आणि उन्हाळ्याची सुटी होती. मी हसले. मला वाटलं, हे आपलं भांडण आहे, फक्त कागदावर. तुम्ही काय लिहिलं असेल ते मला पाठ होतं, निदान मला तसं वाटलं. मी पान उलटलं नाही. विषय लिहिला: 'मत, सभागृहाच्या वेळा'. पोचेची प्रत लावली. आणि तुमच्या डोळ्यांदेखत ते निळ्या फाइलमध्ये ठेवलं.

"बरोबर केलंस," तुम्ही म्हणालात. "नियम म्हणजे नियम." तुम्ही कपाटाजवळ थोडा वेळ उभ्या राहिलात. मला वाटलं काहीतरी शोधताय. मी विचारलंसुद्धा, "काय हवंय काकू?" तुम्ही म्हणालात, "काही नाही गं."

त्या दिवशी हाऊस उठायला अजून जवळजवळ दोन आठवडे होते. हे मी पुन्हा पुन्हा मोजते.

तुम्ही ऑगस्टात गेलात. केबिन रिकामी होती, गाव अर्धं बाहेर होतं, मंडळातले निम्मे भारतात. तुमच्या अंत्यसंस्काराला आम्ही चौदा जण होतो. खासदार परदेशी होते. त्यांनी फुलं पाठवली, मोठी, पांढरी, आणि कार्डवर तुमचं नाव ते नेहमी लिहायचे तसं चुकीचं. मीरा स्कॉटलंडहून आली होती. तिने माझा हात धरून तिच्या मराठीत विचारलं, "आई फोनवर बोलायची, तिने साहेबांना एक पत्र लिहिली. ती पत्र कुठे आहे? त्यांनी वाचली?" मी म्हटलं, ऑफिसात आहे. खोटं नव्हतं ते. पण घरी येईपर्यंत मला ते खोट्यासारखंच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. एकटीच होते. निळी फाइल काढली आणि या वेळी तुम्ही शिकवल्याप्रमाणे शेवटापासून वाचलं. दुसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला होतं. तुम्ही इंग्रजीत लिहिलं होतं, मी मराठीत मांडते:

"तुम्ही घड्याळ बदलू शकला नाहीत हे मी समजू शकते. ते एकट्याचं काम नाही. पण तुम्ही काउंटरवर मला जे म्हणाला होता ते सभागृहात उभं राहून एकदा बोला. दोन मिनिटं पुरेत. मला गॅलरीत बसून ते ऐकायचं आहे. सायली मला घेऊन येणार आहे. उत्तराची घाई नाही असं आजवर मी कितीतरी लोकांच्या वतीने तुम्हाला सांगितलं. या वेळी मला घाई आहे."

काकू, तुम्ही तोंडाने का नाही सांगितलंत? मी चार फुटांवर बसले होते. हा राग मला तुमच्यावर करायचा नाही, पण येतो. तुम्ही मला शिकवलेलं मी तुमच्यासाठी वापरते का, ते बघत होता का? की इतरांसारख्याच तुम्हीही लाजलात, आणि खरं होतं ते शेवटी लिहिलंत? मला दुसरं खरं वाटतं. सगळ्यांची कामं करणाऱ्या बाईला स्वतःचं काम मागता आलं नाही. आणि जिने मागणं वाचायचं ती तुम्हाला ओळखते अशा भ्रमात होती.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी खासदार आले. उन्हाने चेहरा तांबूस झालेला. तुमच्या टेबलाजवळ थांबले, त्यावर तळहात ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं, आणि त्यामुळे माझं काम अवघड झालं. मी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "कृपया शेवटापासून वाचा."

त्यांनी वाचलं. मग चष्मा काढला. तो टेबलावर ठेवून म्हणाले, "तिने मला त्या काउंटरवर कधी बिल पूर्ण लावलं नाही, माहीत आहे तुला? चीज नेहमी जास्त."

"तुम्ही बोलाल का?" मी विचारलं. मी त्यांना असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"अर्थात. नक्की. हे दोन आठवडे गच्च आहेत. पक्षाच्या अधिवेशनानंतर बघू. ऑक्टोबरात." मग ते म्हणाले, "तिच्या मुलीला माझ्या वतीने काहीतरी छान लिहिशील?"

मी ऑफिसातून निघाले ती थेट ट्रेन पकडून लंडनला. त्यांचं बोलणं ऐकायला नव्हे, ते बोलणारच नव्हते. मी शब्द दिला होता म्हणून. तपासणीच्या रांगेत उभी राहिले, जिने चढले, आणि गॅलरीत बसले. खाली हिरव्या बाकांवर दहा-बारा माणसं होती. कुणीतरी रेल्वेबद्दल बोलत होतं. माझ्या बाजूची जागा रिकामी होती. मी तिथे बॅग ठेवली नाही, एवढंच मला सुचलं. तुम्हाला आवडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. बहुतेक तुम्ही माझ्या कानात म्हणाला असता, "एवढ्यासाठी मी अकरा वर्षं बटाटे भाजले?"

घरी आले तर आई जागी होती. मी तिला सगळं सांगितलं, निळ्या फाइलसकट. ती म्हणाली, "मग आता ते पत्र कुठंय?" मी म्हटलं, त्यांनी माझ्याकडे परत दिलं, ऑक्टोबरपर्यंत फाइलमध्ये ठेव म्हणाले. आई राज्यशास्त्र शिकलेली नाही. ती एवढंच म्हणाली, "आणि तू ठेवणार?"

मीराला मी लिहिलं. त्यांच्या वतीने नाही, माझ्या वतीने. पत्र मी पूर्ण वाचलं नव्हतं हे लिहिलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. तिला घाई करायला सांगण्याचा हक्क मला नाही.

तुमचं पत्र फाइलमध्ये नाही, काकू. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी ऑफिस उघडते आणि ते 'आज'च्या ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवते. सह्या करायला खासदार आले की बाकीचे कागद घेण्यासाठी त्यांना ते आधी उचलावं लागतं. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं नाही. गेल्या शुक्रवारी त्यांनी ते उचललं आणि खाली ठेवायच्या आधी पुन्हा वाचलं, उभ्यानेच, मागचं पान.

मी पुढच्या मंगळवारी ते परत वर ठेवणार आहे.

तुमची,
सायली